आईचा खिळ्यांचा पट्टा

मंडळी, बिबट्याच्या भीतीनं आमच्या अवसरीत आता माणसंही गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून शेतात खुरपायला बसतात. काल मी आईसाठी एक बनवून आणला.

आज दुपारी तिचा डबा घेऊन कांद्याच्या वावरात गेलो, तर पट्टा आमच्या चंद्री कुत्रीच्या गळ्यात. मी लई चिडलो.

खुरपं न थांबवता आई म्हणाली, "बिबट्या आला तर आधी हीच पुढं जाणार हाय. मी न्हाई."

चंद्री आईच्या पाठीशी, शेजारच्या उसाकडं तोंड करून उभी होती. भाकर दाखवली तरी तिनं मान वळवली नाही.

दोघींचाही अभिमान वाटला, राव.

उद्या दुसरा पट्टा आणतोय. पण चंद्रीला एक पिल्लू आहे. आई तो पट्टा कुणाला घालेल, तुम्हीच सांगा.