कोरड्या पायांनी आलेली आई

आमच्या घरात अंगारा-गंडा कधी शिरला नाही. आम्ही बौद्ध, त्यात मी शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यामुळे हे लिहितानाही वाटतं, कुठंतरी आपलीच फसवणूक झाली असणार...

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि आमच्या चाकूरकडं दुष्काळ होता. टँकरच्या गर्दीत आईला चक्कर आली, म्हणून मी तिला थोरल्या भावाकडं नेलं. त्याची नोकरी कोकणात, मासेमारीच्या एका गावात. घरासमोर तळ्यासारखं अडलेलं खारं पाणी, त्यापलीकडं वाळूचा पट्टा आणि मग समुद्र. पट्ट्याच्या एका टोकाला कडा, दुसऱ्या टोकाला समुद्र आत शिरायचं तोंड. होडीशिवाय तिकडं जायला वाटच नव्हती.

एका दुपारी माझा जरा डोळा लागला. उठून बघते तर आई घरात नाही! दादा आणि मी धावत काठावर गेलो. पलीकडं वाळूत तिचं हिरवं लुगडं दिसलं.

होडीवाल्यानं आम्हाला नेलं. आई निवांत बसली होती. लुगड्याचा काठसुद्धा ओला नव्हता.

"आई, कशी आलीस गं इकडं?"

"चालत आले की. तळं तर आटलंय. ह्या भेगा पडल्यात, आपल्या गावावानी."

"अगं, हे पाणी दिसंना का तुला?"

तिनं वळून पाहिलं आणि माझा हात गच्च धरला. "हे कवा आलं?"

मला होडीवाल्याचाच संशय आला. "तुम्हीच सोडलं ना हिला? खरं सांगा."

"मी होडी काढूकच नाय, बाय. मधी दोन पुरुष खोल पाणी आसा," तो म्हणाला. मग मात्र परतताना त्यानं आईकडं एकदाही पाहिलं नाही... हे मला अजून खटकतं.

घरी मी आईचे पाय धुतले. पाणी काळं झालं. ती चिकट काळी माती होती, आमच्या रानातली असते तशी. त्या गावात तर सगळीकडं पांढरी वाळू, नाहीतर तांबडा जांभा.

दादा आजही म्हणतो, "कुणीतरी होडीतून सोडलं असंल." मी विचारते, "आणि माती?"

आई आता नाही. शेवटपर्यंत मी तिला खोदून खोदून विचारत राहिले. ती चिडून एवढंच म्हणायची, "पानी असतं तर मी आले असते का?"