जतन करू

साखर कारखान्यातली उसाची नोंदणी संगणकावर घ्यायचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. गेवराईत घरच्या चौदा इंची पडद्यावर मी तो शंभरदा तपासला होता, त्यामुळे पाच-सहा दिवसांपासून नोंदी गायब होतायत म्हणून निरोप आला तेव्हा आधी माझं डोकंच फिरलं.

बरं, गायबही धड होत नव्हत्या. चार नोंदी असायच्या, पाचवी नाही. सहावी पुन्हा जाग्यावर! नोंदणीचे कारकून निवृत्तीला आलेले. "ताई, मी तर समद्या जतन केल्या," एवढंच म्हणायचे. दोन दिवस कारखान्यात बसून मी कोड उलटासुलटा वाचला आणि डोक्याचा पार भुगा करून घेतला. शेवटी शेतकी अधिकाऱ्यांसमोर बोलून गेले, "काका विसरत असतील. वय झालंय."

"मंग सोमवारपासून गेटवर बसवू यांना," अधिकारी म्हणाले. काकांनी मान खाली घातली.

मला ते लागलं. निघण्याआधी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पडदा नवाकोरा, मोठा. त्यावर सगळं मुंगीएवढं दिसतं म्हणून कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन त्यांना अक्षरं मोठी करून दिली होती. अक्षरं वाढली, माझी बटणं मात्र होती तेवढीच राहिली. काकांनी नोंद भरली. खाली दोन बटणं आली, एकावर 'जतन करा', दुसऱ्यावर 'जतन करू'. मला काही कळेचना. असं बटण मी लिहिलंच नव्हतं.

काकांनी दुसरं दाबलं.

"हे कावून दाबलंत?"

"कदी हे दाबतो, कदी ते. 'करा' म्हंजे हुकूम सोडल्यावानी वाटतंय. 'करू' म्हंजे कसं, आपण दोगं मिळून करू."

मी लिहिलं होतं, 'जतन करू नका'. त्यातलं 'नका' खालच्या ओळीत जाऊन बटणाच्या कडेखाली गडप झालं होतं.

मी तशीच उठून अधिकाऱ्यांकडे गेले, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. गेटचं रद्द झालं. परत येऊन काकांना बटण समजावलं, तर त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"म्हंजे मी इसरत न्हाई?"

"नाही काका."

"आठ दिस झाले ताई, घरी जाताना वाट बरुबर हाय का, ते लोकांला इचारत जातोय मी."