चंद्राचं पथ्य

उभ्या इंदुरात माझ्या साडूंइतका प्रेमळ माणूस सापडणार नाही. दुःख एवढंच की ते सगळं प्रेम एका घोडीच्या वाट्याला गेलं आहे. पूर्वज दरबारी घोडदळात, हे स्वतः विमा कचेरीत. पण निवृत्तीनंतर अंगणात चंद्रा नावाची पांढरी घोडी आणून बांधली. गल्लीतला प्रत्येक नवरदेव तिच्यावरूनच जायचा. आमच्याकडे वरात निघताना नवरदेवाच्या बहिणी घोडीला गूळ आणि भिजवलेली चणाडाळ भरवतात. बहिणी हौशी, चंद्रा त्याहून हौशी. तिची मान लोडासारखी फुगली. एके दिवशी खुरं तापली आणि ती पाऊल उचलेना.

महूच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं. "इन्सुलिन वाढलंय, ते खुरांना बाधतंय. गूळ, दाणा बंद. वजन उतरलं नाही तर कायमची बसेल."

झालं! साडू गवत तोलायला लागले. तासभर भिजवायचं आणि साखर उतरलेलं पाणी फेकून द्यायचं. चरताना तोंडाला जाळीचं मुसकं. रोज सकाळी चारी खुरांवर तळहात ठेवून ताप बघायचा. डायबिटीस मलाही आहे, तळपाय माझेही जळतात. तसं म्हटलं तर म्हणाले, "भिया, तुम्ही बोलून तर दाखवता. वो बेचारी किसको बोलेगी?" वर आमची बायको, "बघा, जीजाजी घोडीचं किती करतात!" स्वतः मात्र मला कारल्याशिवाय काही करत नाही.

यंदा साडूंच्या मुलाचं लग्न झालं. चंद्रा आल्यापासून तो म्हणायचा, बसेन तर हिच्यावरच. खुरं निवली होती, पण डॉक्टर म्हणाले, "सावकाश चालू दे. पाठीवर कुणी नको." मग नवरदेव लगाम धरून तिच्या शेजारून पायी निघाला. इतक्यात बहीण गूळ-डाळीचं ताट घेऊन पुढे आली. साडू हात पसरून आडवे. बँड थांबला. "बेटा, डाळ मला भरव. तिला हे!" म्हणत त्यांनी चांदीच्या वाटीतून पिळलेलं गवत काढलं. चंद्राने ते बासुंदी असल्यासारखं खाल्लं, आणि मांडवापर्यंत न लंगडता चालत गेली.

मांडवात मी जिलबी उचलली, तर साडूंनी ती हातातून काढून स्वतःच्या तोंडात टाकली. "भिया, मान बघा आपली!" म्हणजे माझीही काळजी आहे तर! हा माणूस आता माझे पायही बघणार, म्हणून मी हळूच बूट काढले. पण ते बाहेर जाऊन चंद्राच्या खुराशी वाकले होते.

"थंड आहेत!" तिथूनच मला ओरडून सांगितलं त्यांनी. मी हात हलवला आणि बराच वेळ तसाच अनवाणी बसून राहिलो.