कोऱ्या कागदावरची सही

वलगावच्या प्रियदर्शनीनं दीड वर्ष आपल्या नवऱ्याला त्याचंच नाव शिकवलं. अश्विन अमरावतीत दहावीच्या पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. एका संध्याकाळी परतताना ट्रकनं त्याची मोटारसायकल मागून उडवली. हाडं जुळली, चालणं-जेवण जमू लागलं, पण डोकं काही ताळ्यावर आलं नाही. बायकोला तो मॅडम म्हणू लागला. अंगणवाडीतून आली की ती त्याला पुढ्यात बसवायची. नाव, गाव, सातचा पाढा.

भरपाईचा दावा तिनं त्याच्या वतीनं लावला होता. विमा कंपनीचं म्हणणं, माणूस तर ठणठणीत आहे. शेवटी न्यायाधीशबाईंनी त्यालाच समोर आणायला सांगितलं. तिच्या वकिलानं, वामनरावांनी, तिला बाजूला घेतलं.

"तारखेपर्यंत त्याले शिकवनं बंद कर, पोरी. पटापट बोलला तं दावा गेला."

दोन दिवस तिनं शिकवलं नाही. तिसऱ्या दिवशी तोच पाटी घेऊन समोर बसला.

"मॅडम, आज तास नाही काय?"

तिनं पाटी घेतली.

कोर्टात अश्विन ताठ उभा राहिला. नाव सांगितलं, वडिलांचं डोमाजी सांगितलं, गाव सांगितलं. कंपनीचा वकील गालात हसला. वामनरावांनी प्रियदर्शनीकडे पाहिलंसुद्धा नाही.

न्यायाधीशबाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "यावर सही कराल?"

त्यानं केली. वळणदार, अपघाताआधी करायचा तशीच. दुसरा कागद दिला, त्यावरही केली. तिसऱ्यावरही. कशाची, कशासाठी, एकदाही विचारलं नाही.

"या बाई कोण तुमच्या?"

"मॅडम. शिकवतात मले."

बाहेर व्हरांड्यात त्यानं तिला विचारलं, "माहं सगळं बरोबर आलं ना?"

"आलं," ती म्हणाली. "तुमी बसा इथं." आणि नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

चार महिन्यांनी दावा मंजूर झाला. त्याचे व्यवहार पाहायला तिची नेमणूक झाली. रक्कम बँकेत त्याच्या नावानं ठेवली, हाती येणार ते व्याज. वामनरावांनी निकाल वाचून दाखवला. अर्जदारास स्वतःचे हित कळत नाही, सुधारणेची शक्यता नाही.

"हे शेवटचं काढता येत नाही काय?" तिनं विचारलं.

वामनरावांनी चष्मा काढला. "त्याच वाक्याच्या भरोशावर पैसे भेटून राहिले, पोरी."