आईची चुंबळ

"हिला दे. यांना ओझ्याची सवय असते."

सरांनी त्यांच्या मित्राला हे सांगितलं तेव्हा मी सायकल टेकवून पोटरीत आलेला गोळा चोळत होते. मान वर करेपर्यंत मित्राची बॅग माझ्या पायाशी येऊन पडली. सरांची आधीच पडली होती. दोघं कमरेवर हात ठेवून धापा टाकत होते आणि तशा धापा टाकतही हसत होते.

मी दोन्ही बॅगा उचलल्या. कुणी बळजबरी केली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सगळा दोष सरांच्या माथी मारून मोकळं व्हायला मला फार आवडलं असतं.

केडगावच्या एका जिममध्ये मी बायकांना व्यायाम शिकवायचे. सर तिथले जुने मेंबर. नगरात त्यांची दुकानं, आणि डोक्यात साहसी शर्यतींचं वेड. ही शर्यत नगर जिल्ह्यातल्याच कर्जतजवळून सुटणार होती. आधी चाळीस किलोमीटर सायकल, मग बारा किलोमीटर पळत नदी गाठायची, शेवटी होडी वल्हवून पलीकडचा काठ. तिघांची टीम, त्यात एक बाई हवीच. तिघं बरोबर पोचले तरच वेळ धरणार. प्रत्येकाला पाणी, रस्सी, लाइफ जॅकेट अशी भरलेली बॅग, पण टीममधल्या कुणी दुसऱ्याची उचलली तर चालतं. मी असलं काही आयुष्यात केलं नव्हतं. सरांनी विचारलं तेव्हा हुरळून गेले. गळ्यात पदक घातलेला माझा फोटो जिमच्या भिंतीवर लागलेला मला दिसायला लागला.

जिममध्ये मी सांगितलं होतं, घरी शेती आहे. शेती आहेच. मिरजगावच्या पलीकडं, पाऊस पडला तर पिकणारी. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात, हे सांगितलं नव्हतं. त्या हंगामात त्यांची टोळी कालव्याकाठच्या मळ्यांत होती. आदल्या दिवशी आम्हाला नकाशा वाटला. पळायची वाट त्याच मळ्यांतून जात होती. मी आईला फोन केला नाही. उलट मनात म्हटलं, टोळी आज दुसऱ्या फडात हलली असली तर बरं होईल.

तर, माझी बॅग पाठीवर. सरांची छातीवर उलटी अडकवली. तिसरी कुठं घ्यायची हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती डोक्यावर गेली. सरांच्या मित्रानं मोबाईल काढला आणि शूटिंग करत म्हणाला, "ही बघा आमची हमाल एक्सप्रेस." मीही हसले. नुसती हसले नाही, कॅमेऱ्याकडं बघून अंगठा वर केला. त्या अंगठ्याची मला आजही शरम वाटते.

कालव्याच्या कडेनं पळत निघालो. सहाएक किलोमीटरवर ऊस लागला. अर्धा फड तुटलेला, मधे ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रॉलीला लावलेली फळी. फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन एक बाई चढत होती. तिची चाल मी लांबूनही ओळखते. मी मान खाली घालायला गेले. पण डोक्यावर बॅग असली की मान खाली जात नाही.

आईनं मोळी ट्रॉलीत टाकली आणि बांधावर धावत आली. तिनं शर्यत बघितली नाही, नंबर लावलेला टीशर्ट बघितला नाही. तिला एवढंच दिसलं, की पोरगी नुसत्या डोक्यावर ओझं घेऊन पळतीय.

"असं नुसतं घिऊ नगं, मान धरंल," म्हणत तिनं स्वतःच्या डोक्यावरची चुंबळ काढली, माझ्या डोक्यावरची बॅग उचलली आणि खाली चुंबळ ठेवून बॅग नीट बसवली. ती चुंबळ माझ्या शाळेच्या निळ्या ओढणीची होती. मग ती सरांकडं वळली. मागून रिकाम्या हातानं येणारा माणूस कोण असतो, हे तिला पक्कं ठाऊक.

"मुकादम, पोरीला एकटीलाच का लादलंय वो?"

सर खो खो हसले. मित्रही हसला. "कोण आहे ही बाई?" सरांनी मला विचारलं. "तू ओळखतेस?"

"नाही," मी म्हणाले. "मी नाही ओळखत."

जिममध्ये बोलते त्या स्वच्छ भाषेत म्हणाले. आईचा हात अजून माझ्या डोक्यावरच्या बॅगेवर होता. तो तिनं हळूच काढून घेतला. चुंबळ मागितली नाही. मी पुढं पळाले.

उरलेली वाट कशी संपली ते सांगता येत नाही. मान दुखत नव्हती, एवढं आठवतं. चुंबळ तिचं काम करत होती. आणि तिकडं आई उघड्या डोक्यावर मोळ्या वाहत असणार, हे मला पावलापावलाला कळत होतं.

नदीवर होड्या तयार होत्या. सगळ्यांची लाइफ जॅकेटं काढायला सरांनी माझ्या डोक्यावरची बॅग उचलली. चुंबळ खाली पडली. घामानं ओली, उसाच्या चोथ्यानं भरलेली. सरांनी ती दोन बोटांत धरली.

"ही घाण कशाला आणलीस इथवर?" आणि चिखलात टाकली.

मी ती उचलली. "घाण नाही ती. माझ्या आईची चुंबळ हाय."

सरांनी माझ्याकडं नीट बघितलं. "मघाशी तर ओळखत नव्हतीस."

मित्रानं मला हमाल म्हटलं, सरांनी सवय असलेली म्हटलं, ते सगळं मी गिळलं होतं. हे मात्र गिळता आलं नाही, कारण ते खरं होतं. मी दोघांच्या बॅगा दोघांच्या पायाशी ठेवल्या. छातीवरचा नंबर काढून सरांच्या हातात दिला.

"आपापलं उचला."

"तू गेलीस तर टीम बाद होईल."

"होऊ द्या."

"उद्या जिममध्ये कशी येतेस तेच बघतो मी," ते म्हणाले. त्यांनी बघितलं. आठवड्याभरात माझं काम गेलं.

सहा किलोमीटर मागं चालत गेले. आई टॉवेलाची घडी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत मोळ्या भरत होती. बाप, मुकादम, टोळीतल्या बायका, सगळे थांबून माझ्याकडं बघायला लागले. आई थांबली नाही.

"आये," मी म्हणाले.

तिनं मोळी टाकली, फळीवरून उतरली आणि समोर उभी राहिली.

"कोन पायजे तुमाला?"

तुमाला. जिनं मला जन्मात कधी अहोजाहो केलं नाही, ती म्हणाली. मी चुंबळ पुढं केली. ती तिनं घेतली, झटकली, डोक्यावर ठेवली. मी मोळी उचलायला वाकले तर तिनं मधे हात घातला.

"ऱ्हाऊ द्या. सवय न्हाई तुमाला."

या गोष्टीला वर्ष होत आलं. फोनवर आई अजून तुमीच म्हणते. बाप म्हणतो, सोड आता. ती सोडत नाही. तिनं सोडावं असं मलाही वाटत नाही. आता मी एका शाळेच्या मैदानावर मुलींना पळायला शिकवते. घरचे काय करतात असं कुणी विचारलं, की ऊस तोडतात म्हणून सांगते. विचारलं नाही तरी सांगते.

यंदा त्याच शर्यतीत एकेकट्यानं पळणाऱ्यांचाही गट काढलाय. त्याचा फॉर्म भरलाय, एकटीचा. पाठीवर माझी बॅग असेल, दुसऱ्या कुणाची नाही. टोळी या वेळी कालव्याकाठच्या कुठल्या मळ्यात असेल, ते मी आईलाच फोन करून विचारलंय. ते ठिकाण शर्यतीच्या वाटेवर नाही. वाट सोडली की बाद करतात, हा नियम आहे. मी वाट सोडणार. घड्याळ चालू असताना त्या बांधावर जाणार आणि सगळ्या टोळीसमोर सांगणार, ही माझी आई. ती तोंड फिरवील. फिरवू दे. पुढच्या वर्षी परत जाईन.