खालचे दोन दात

लेकराला "आ कर" म्हणताना मामा स्वतःच आधी आ करायचे. तुम्हीही पाहिलं असेल, बाळाला भरवताना आईचं तोंड घासाबरोबर आपोआप उघडतं, अगदी तसंच. दातांच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर हा खाकी कपड्यातला दांडगा माणूस पोरांपुढे उकिडवा बसून आ वासायचा, आणि रडणारं पोर त्यांचे पानाने रंगलेले दात बघण्याच्या नादात स्वतःचंही तोंड उघडायचं.

बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. नगरच्या एका दवाखान्यात मी नर्स होते, ते शिपाई. आपल्याकडे दवाखान्यातल्या शिपायाला सगळे मामाच म्हणतात, म्हणून तेही मामा.

आयांचे प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आतच मामा ते निकालात काढत. एकदा एक बाई म्हणाली, "दुधाचा दात, पडायचाच हाय. किडला तर किडला."

"यष्टीत रुमाल टाकून जागा धरता का न्हाई?" मामा म्हणाले. "तसं हाय ते. रुमाल गेला, की तिथं भलताच येऊन बसतो."

दुसरी एक पोराच्या हिरड्यांना मिशरी चोळायची. तिच्यावर ते असे खेकसले की डॉक्टर आतून उठून बाहेर आले. आणि "दात येत्यात म्हनून जुलाब लागलेत" म्हणणाऱ्या बाईला तर ते बाकावर टेकूच देत नसत. "दातानं जुलाब हुत न्हाईत, आक्का. ऊठ. पोरांच्या डॉक्टरकडं चल आदी." हे सगळं ते डॉक्टरांचं ऐकून ऐकून शिकले होते, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. आम्ही त्यांना 'छोटे डॉक्टर' म्हणून चिडवायचो.

त्यांना एकच बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा मामांनीच तिला वाढवलं आणि घोडेगावच्या पलीकडे एका वस्तीवर दिली. बऱ्याच वर्षांनी तिला मुलगा झाला. बारशाला त्यांनी त्याला पाहिला तेवढाच.

मग निरोप आला, पोराला वरचे दात आधी आलेत. हे मामाच्या जिवावर येतं असं आपल्याकडे मानतात. बहिणीने सांगून पाठवलं होतं, "दादा, खालचे दोन येऊस्तर तू येऊ नको. पोराचं तोंड बघू नको."

डॉक्टर हसले. "अहो, कुणाला वरचे आधी येतात, कुणाला खालचे. खुशाल जा."

"मला ठावं हाय, साहेब. पन मी गेलो, अन् उद्या मला नुसती ठेच लागली, तरी ती पोराच्या माथी मारतील. जन्मभर ऐकावं लागंल त्याला."

पोराला बोल लागू नये म्हणून ते गेले नाहीत. घोडेगावच्या बाजाराला मात्र जायचे. तिथे बहिणीचे मालक, त्यांचे दाजी, गुरं घेऊन येत. त्यांच्या हाती मामा कधी खुळखुळा, कधी झबलं पाठवायचे. परत आले की पोराच्या खोड्या आम्हाला अशा सांगायचे, जणू आत्ताच त्याला मांडीवरून उतरवून आलेत.

त्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला होता. एका बाजारावरून मामा पेढे घेऊनच आले. "सिस्टर, खालचे फुटायला लागलेत! दाजी म्हनले. आता सुट्टी मिळाली की निघालोच." डॉक्टरांच्या तोंडात त्यांनी पेढा कोंबला. बाकावरच्या सगळ्या पोरांनाही वाटले. किडके दात दाखवायला आलेल्या पोरांना पेढे वाटणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

सुट्टीला ते गेले, ते कितीतरी दिवस आलेच नाहीत. आले ते "मला इथं नको, दुसरीकडं कुठंबी टाका" म्हणत. बाकावर पोरं होती. त्यांच्याकडे न बघता ते मागच्या जिन्यावर जाऊन बसले. मी पाणी नेऊन दिलं. पेला तसाच हातात राहिला.

"दाजी म्हनले हुते, सिस्टर. 'जुलाब लागलेत, खालचे दात फुटतायत वाटतं.' दोन्ही म्हनले हुते. मी जुलाब ऐकलंच न्हाई. मी फकस्त दात ऐकलं."

किती आयांना या माणसाने बाकावरून उठवून वेळेवर धाडलं होतं! माझ्या डोळ्यांना धार लागली. ते रडत नव्हते, आणि तेच मला बघवत नव्हतं.

हळूहळू त्यांनी उरलेलं सांगितलं. ते वस्तीवर पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. पोर सकाळीच गेलं होतं. मामांना लांबूनच कळलं, तरी ते गोठ्याशी थांबले, तोंड फिरवून. खालचे दोन आलेत असं बहिणीने अजून सांगितलं नव्हतं, आणि तिचा शब्द मोडवत नव्हता. शेवटी तीच उठून आली. हाताला धरून तिने त्यांना पोराजवळ नेलं.

"बघ दादा," ती म्हणाली. "आता बघ. आता तुला काय हुनार न्हाई."

मामा खाली बसले. बोटाने त्यांनी त्याचा ओठ जरा खाली केला. खालच्या हिरडीवर दाताचा मागमूसही नव्हता.