पोपटी गाडी आणि मामाची पिवळी साडी

जनावरांच्या डॉक्टरची जुनी गाडी मी विकत घेतली आणि तिच्या काचेवरची ‘पशुवैद्य’ ही पट्टी काढली नाही. चूक एवढीच. पुढचं सगळं त्या पट्टीनं केलं, मी नुसता स्टिअरिंग धरून बसलो होतो.

तसा मी जुन्या गाड्यांचाच माणूस. आयुष्यात चार गाड्या घेतल्या, चारही आधी कुणीतरी नांदवलेल्या. पहिली जीप. तिचा उजवा दरवाजा आतून उघडायचा नाही आणि डावा बाहेरून लागायचा नाही. दुसरीचा हॉर्न गाडी डावीकडे वळवली की आपोआप वाजायचा (मी घरी येतोय हे विष्णुपुरीतल्या आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना आधी कळायचं, बायकोला नंतर). तिसरीचा एकच वायपर चालायचा, तोही बायकोच्या बाजूचा. पावसाळाभर समोरचा रस्ता ती बघायची आणि मला सांगायची, “म्हैस. खड्डा. परत म्हैस.” मी ऐकून चालवायचो. अपघात एकही नाही. नव्या गाडीत नवरा-बायकोचा एवढा संवाद होतो का, मला दाखवा.

नवी गाडी घेणारा माणूस मी जवळून पाहिलाय. लातूरचे बाळासाहेब, माझे साडू. दर पाच वर्षांनी नवी गाडी. सीटवरचं प्लास्टिक दोन वर्षं काढत नाहीत. उन्हाळ्यात पाहुणा बसला की चिकटतो आणि उतरताना साल काढल्यासारखा आवाज येतो. त्यांच्या गाडीत शेंगा खायच्या नाहीत, डोक्याला तेल लावून मागं टेकायचं नाही, लहान पोराला तर हातपाय बांधूनच बसवायचं. एकदा गाडीला पहिला ओरखडा पडला तर गडी दोन दिवस जेवला नाही. आम्ही भेटायला गेलो, सांत्वन केलं, चहा नको म्हणालो. जुन्या गाडीचे ओरखडे आधीच पडलेले असतात. सुतक दुसऱ्यानं पाळलेलं असतं, आपण नुसतं नांदायचं.

तर चौथी गाडी ही. चाकूरकडच्या एका जनावरांच्या डॉक्टरांची. ते म्हातारपणी पोराकडं पुण्याला निघाले होते. रंग कच्च्या कैरीला लाजवेल असा पोपटी. बायको, म्हणजे सुमन, गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, “रंगाचं ऱ्हाऊ द्या, पण ती पट्टी काढा.”

मी काढली नाही. त्याला कारण होतं. पेट्रोल पंपावर पोरं “या डॉक्टर” म्हणायला लागली. चौकातला पोलीस हात दाखवायचा तो थांबायला नाही, जायला. तीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या धुतल्या. आता या वयात कुणी फुकटात डॉक्टर करत असेल, तर मी का अडवू?

आणि मग औशाचं लग्न आलं.

माझी धाकटी बहीण कमल औशाला दिलेली. तिची एकुलती एक लेक पल्लवी, आणि पल्लवीचा एकुलता एक मामा मी. आमच्याकडं नवरी अंतरपाटापाशी येते ती मामाच्या हाताला धरून, आणि मामानं आणलेली पिवळी साडी नेसून. ती साडी येईस्तोवर नवरी खोलीबाहेर पडत नाही. मुहूर्त बारा सदतीसचा. साडी माझ्याकडं.

आदल्या दिवशी बाळासाहेबांचा फोन. त्यांनाही आमंत्रण होतंच. “रावसाहेब, त्या डबड्यात नका येऊ. मी नवी गाडी पाठवतो.”

“तुमच्या गाडीत बसायला अंघोळ करून, दाढी करून, उपास धरून बसावं लागतं. आम्ही आमच्या गाडीनं येतो.”

“मामा येळेवर पायजे बरं.”

“मामा मुहूर्ताच्या तासभर आधी हजर असेल.” (हे वाक्य त्यांनी मांडवात सगळ्यांना ऐकवून ठेवलं, हे मला नंतर कळलं.)

सकाळी सातला निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चाललेली. मी सुमनकडं बघून विजयी हसलो. तेवढ्यात रस्त्याच्या मधोमध एक धोतरवाला आडवा हात करून उभा.

“डाक्टरसाब, थांबा की. बैल दोन रोज झाले खाऊन नाही राहिला.”

“मी डॉक्टर नाही हो.”

त्यानं गाडी बघितली, पट्टी बघितली, मग मला बघितलं. “मग त्यांची गाडी कशाला चालवून राहिलात?”

“मी विकत घेतली.”

“डाक्टर विकत भेटत न्हाई, पण गाडी भेटती. बरं, गाडी घेतली तर काही माहिती बी घेतली असंल की. सांगा काय द्यायचं.”

उशीर नको म्हणून मी म्हणालो, “ओवा आणि गूळ द्या.” हे आमच्या आईचं सगळ्या रोगांवरचं औषध. मला, मांजराला, सासूला, तिनं हेच दिलं होतं.

सुमन म्हणाली, “आता तुमी बैलाचं बी वाटोळं करा.”

बैलाचं काय झालं माहीत नाही. पण त्या गड्यानं खिशातून मोबाइल काढला आणि पुढच्या गावाला कळवलं की पोपटी गाडी रोडला आलीय, नवा डाक्टर हाय, इंजेक्शन न देता औषध सांगतो. पुढच्या फाट्यावर चार माणसं आणि दोन शेळ्या ओळीनं उभ्या. त्याच्या पुढच्या फाट्यावर म्हशीची एक वगार, आणि एक गृहस्थ स्वतःचाच गुडघा घेऊन. मी प्रत्येकाला सांगत होतो, मी डॉक्टर नाही. सगळे मान डोलवायचे आणि म्हणायचे, “हाव, पण बघून तर घ्या.” गुडघेवाल्यालाही ओवा-गूळ सांगितला. वेळ जाऊन राहिली होती, दुसरं सुचेना.

चाकूरच्या जरा आधी म्हशींचा कळप आडवा आला. मी हॉर्न दाबला. डॉक्टरांनी हॉर्न खास बसवून घेतला होता, तीन सुरांचा. दोन-चार म्हशींनी माना वर केल्या, गाडी ओळखली, सुई आठवली, आणि सगळा कळप शेपट्या वर करून शेजारच्या सोयाबीनमध्ये पांगला. गुराखी मला शिव्या देत म्हशींमागं आणि शेतमालक शिव्या देत गुराख्यामागं. घड्याळात दहा वाजून गेले होते. कमलचा फोन आला.

“दादा, कुठं हायस?”

“हे काय, आलोच.”

“मागून म्हशी कशाच्या ओरडून राहिल्यात?”

मी फोन ठेवला.

त्यानंतर मात्र ठरवलं, आता देव आडवा आला तरी थांबायचं नाही. देव नाही आला, एक म्हातारी आली. नुसती आली नाही, गाडीसमोर मांडी घालून बसली.

“बाबा, गाय अडलीय सकाळधरनं. पाय दिसून राहिलेत, वासरू येईना. एकच गाय हाय. तू डाक्टर नसलास तर नस, पण उतर.”

मी घड्याळाकडं बघितलं. सुमननं माझ्याकडं बघितलं आणि दार उघडून उतरली. ती उमरीची शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरी गोठ्यात किती वासरं तिनं ओढून काढली, हे तिनं मला लग्नानंतर सांगितलं होतं, तेव्हा मी जेवत होतो.

गोठा रस्त्याला लागूनच. तिनं पदर खोचला, बांगड्या वर सारल्या, कोपरापर्यंत साबण लावला. मी दाराबाहेर, भिंतीकडं तोंड करून धीर देत होतो. कुणाला, ते विचारू नका.

आतून आवाज आला, “पाय निसटून राहिलेत. कापड द्या काहीतरी. लवकर.”

मी गाडीकडं पळालो. मागच्या सीटवर हात घातला, हाताला मऊ लागलं ते उचललं, आणि डोळे मिटूनच दारातून आत दिलं. रक्त बघितलं की मला घेरी येते. म्हातारी आणि तिची सून एका बाजूला, सुमन एका बाजूला. “ओढा... थांबा... आता ओढा.” मग धप्प असा आवाज, आणि म्हातारीचा गहिवर, “कालवड झाली गं माय.”

मी डोळे उघडले. कालवड छान होती. पांढरी, कपाळावर टिकला. पण पुढचे दोन्ही पाय पिवळ्याधमक साडीत गुंडाळलेले.

सुमननं साडीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की बाळासाहेबांच्या प्लास्टिकच्या सीटवर चिकटून बसलो असतो तर बरं होतं.

“नवरीची दिली?” एवढंच ती बोलली.

मी म्हणालो, “मऊ लागली.”

औसा अजून दीड तास लांब, त्यात लातूरचा गर्दीचा भाग ओलांडायचा. दुकान शोधायचं, साडी घ्यायची म्हणजे मुहूर्त गेला. तिकडं पल्लवी खोलीत साडीची वाट बघत असणार आणि मी इथं कालवडीला नेसवून बसलो. हे सगळं मी मोठ्यानंच बोलून गेलो. म्हातारीच्या सुनेनं सगळं ऐकलं, आत गेली आणि पेटीतून घडी घालून ठेवलेली पिवळी साडी घेऊन आली.

“माझ्या लग्नातली हाय. एकदाच नेसले. घेऊन जा, मामा.”

“अगं, पण ही तुझ्या लग्नातली...”

“मला आता कुठं परत लग्न करायचंय?”

औशाला पोचलो तेव्हा बारा पंचवीस. मांडवात शिरलो तर मामाचा फेटा बाळासाहेबांच्या डोक्यावर, आणि गुरुजी त्यांना कुठं उभं राहायचं ते समजावून सांगत होते. मामाच्या जागी नवा मामा! मी फेटा त्यांच्या डोक्यावरून उतरवून आपल्या डोक्यावर ठेवला आणि थेट नवरीच्या खोलीत गेलो.

कमलनं साडी उलगडली. फॉल लागलेला, पदराला हळदीचा डाग, काठाला एक बारीकसा रफू. तिनं हळूच विचारलं, “दादा, ही साडी कुणीतरी नेसलेली हाय.”

मी मागं हटणारा माणूस नाही. जे झालं ते सगळं सांगितलं आणि वर छाती काढून म्हणालो, “हो, नेसलेली आहे. ही नेसून एक पोरगी लग्नाला उभी राहिली आणि सुखात नांदून राहिली. दुकानातल्या साडीची आहे का अशी खात्री? साडी असो की गाडी, आधी कुणीतरी चालवून बघितलेली बरी.”

पल्लवीनं एवढा वेळ रडून लाल केलेलं नाक पुसलं. साडीवरून हात फिरवला. “दे आई. मला चालतीय. कालवडीचं नाव काय ठेवलं, मामा?”

बारा सदतीसला मी तिचा हात धरून तिला अंतरपाटापाशी नेलं. आयुष्यात एवढा ताठ मी कधीच चाललो नाही. अक्षता पडल्या, बाळासाहेबही पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवत होते.

पंगतीत माझा विजय माझ्या पोटात मावेना. मी शेजारच्या व्याह्यांना सांगायला लागलो की बघा, गाडी जुनी, साडी जुनी, आणि मुहूर्त मिनिटाला गाठला. कमल वाढत होती. वरणाचं भांडं घेऊन ती माझ्यासमोर थांबली.

“दादा,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “गाडी दुसऱ्याची व्हती ती पोचली. साडी दुसऱ्याची व्हती ती बी चालली. अक्कल तेवढी तू घरची आणलीस, तिथंच घोळ झाला.”